काठिण्यातील गति

इ. स. १९०८ मध्ये लोकांच्या पैशापैशाने जमलेल्या पैसाफंडातून आमच्या पुणे जिल्ह्यात तळेगाव येथे काचेचा कारखाना उभा राहिला. तप्त काच एकाएकी निवविली तर तडकते. रेणूंना स्थिरावण्यास अवधि मिळत नाही.

१९२० साली स्वित्झर्लंडमध्ये श्टाउडिंगरने रबरादि पदार्थ म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्या होत, असे प्रतिपादिले. पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक असेच. सुमारे १०० अंश सेंटिग्रेडखाली त्याच्या साखळ्या जखडतात व ते काचेसारखे कठीण होते. शिरूर-दौंडच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यातही ते कठीणच राहते. तथापि आतील सूक्ष्म चळवळ थांबत नाही. कालांतराने ते किंचित आकसते, ठिसूळ होते. काठिण्य म्हणजे विश्रांति, असे आम्ही समजतो; वस्तुतः ती अडलेली गति होय. घाईने निवविल्याचा दोष आत दडतो, आणि पुढे प्रकटतो.