कथील, कणीक आणि कुत्र्याची ताटली

१/ इ.स. १९४२. जपानी फौजांनी मलाया जिंकला आणि जगाला कथील पुरवणाऱ्या मोठ्या खाणी दोस्त राष्ट्रांच्या हातून निसटल्या. या घटनेचा एक परिणाम युद्धाच्या इतिहासात सहसा नोंदला जात नाही : अमेरिकेतील घरोघरच्या कुत्र्यांचे जेवण बदलले. कोरडे अन्न आणि डबाबंद अन्न यांच्या स्पर्धेचा हा इतिहास.

२/ आधी आले ते कोरडे अन्न. जेम्स स्प्रॅट हा तडितरक्षक विकणारा अमेरिकन व्यापारी लंडनला गेला असता, गोदीतील कुत्री जहाजांवरची कडक बिस्किटे खाताना त्याला दिसली, अशी कथा सांगितली जाते. १८६०च्या सुमारास त्याने गव्हाचे पीठ, भाज्या, बीट आणि वाळवलेले मांस यांची वडी बाजारात आणली.

३/ या वडीचा मुख्य गुण टिकाऊपणा हा होता. पोषणाचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. ‘व्हिटॅमिन’ ही संज्ञाच १९१२ साली रूढ झाली. याच स्प्रॅट कंपनीत नोकरी केलेल्या चार्ल्स क्रफ्टने १८९१ मध्ये स्वतःच्या नावाने प्रसिद्ध श्वानप्रदर्शन सुरू केले.

४/ डबा आला तो पहिल्या महायुद्धानंतर. मोटारी आणि ट्रॅक्टर यांनी घोड्यांना निरुपयोगी ठरवले होते. १९२२ मध्ये इलिनॉयमधील रॉकफर्ड येथे घोड्याच्या मांसाचे ‘केन-एल रेशन’ डब्यात भरले जाऊ लागले. पुढील दोन दशकांत अमेरिकी बाजारावर डब्याचेच राज्य होते.

५/ दरम्यान प्रयोगशाळेत कुत्रा मानवाच्या उपयोगी पडत होता. अमेरिकेच्या दक्षिणेत प्रामुख्याने मक्यावर जगणारे गरीब लोक पेलाग्राने मरत होते; तशाच आहाराने कुत्र्यांना ‘काळी जीभ’ हा रोग होई. १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक आम्ल देऊन ही काळी जीभ बरी केली आणि पेलाग्रावरील उपाय हाती आला.

६/ १९३९ मध्ये पशुवैद्य मार्क मॉरिस यांच्याकडे मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रासलेला ‘बडी’ आला. तो मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थांचा वाटाड्या कुत्रा होता. त्याच्यासाठी खास अन्न तयार झाले. आरंभी ते काचेच्या बरण्यांत पाठवले जाई. बरण्या फुटू लागल्या, तेव्हा डबे आले. आहार हे औषध ठरू शकते, हा विचार येथे रुजला.

७/ मग युद्ध आले. कथील सैन्यासाठी राखले गेले; कुत्र्याचे अन्न अनावश्यक वस्तूंत गणले गेले. उत्पादक नाइलाजाने कोरड्या अन्नाकडे वळले. हा बदल पोषणाच्या निकषावर झालेला नव्हता. तो धातूच्या टंचाईने लादला होता.

८/ युद्ध संपल्यावरही कोरडे अन्न मागे हटले नाही. न्याहारीची कुरकुरीत धान्ये बनवणाऱ्या रॅल्स्टन प्युरिना कंपनीने १९५७ मध्ये ‘डॉग चाऊ’ आणले. मळलेले पीठ वाफेत व दाबाखाली शिजवून साच्याच्या छिद्रांतून ढकलले की ते फुगते. मात्र दाण्याचा आकार टिकण्यासाठी पिष्ट लागतेच. म्हणून कोरड्या अन्नात कर्बोदके अधिक असतात.

९/ डब्याला पिष्टाची सक्ती नाही, पण निर्जंतुकीकरणाच्या तीव्र उष्णतेने थायमिन नष्ट होते. ते आधीच जादा घालावे लागते.

१०/ मग अधिक पौष्टिक कोणते? वेष्टनावरील आकडे येथे फसवतात. समजा, डब्यावर प्रथिने १० टक्के आणि पाणी ७८ टक्के. कोरड्या अन्नावर प्रथिने २५ आणि पाणी १० टक्के. पाणी वगळताच डब्यातील प्रथिने सुमारे ४५ टक्के होतात, कोरड्यातील २८.

११/ परंतु समान वजनात कोरडे अन्न तिप्पट किंवा त्याहून अधिक उष्मांक देते. डबा पाणी पुरवतो. कोरडे अन्न थोडक्यात पोट भरते, आणि वाटीभर जास्त पडले तर मेदही वाढवते.

१२/ म्हणूनच अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ साली प्रसिद्ध केलेली श्वानाहाराची मानके अन्नाच्या ओल्या वजनावर मोजलेली नाहीत. ती शुष्क अंश आणि उष्मांक यांच्या प्रमाणात दिलेली आहेत. डबा की दाणा, हे गोदी, घोडे आणि कथील यांनी ठरवले. कुत्र्याच्या शरीराने मात्र नेहमी एकच प्रश्न विचारला : आत काय आहे?