फुटुरा मुद्राक्षर : भूमिती, जाहिरात आणि राजसत्ता

प्रस्तावना :
मुद्रणाच्या इतिहासात अक्षरांच्या वळणाचा विचार बहुधा सौंदर्याच्या अंगाने केला जातो. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत अक्षराचे वळण हा राष्ट्रीय अस्मितेचा प्रश्न बनला होता. फ्रँकफर्ट येथील बाउअर टाइप फाउंड्रीने १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फुटुरा’ या मुद्राक्षराचा इतिहास त्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

रचना व उपयोग :
पाउल रेनर (१८७८–१९५६) यांनी वर्तुळ, त्रिकोण व चौरस या आकारांच्या आधारे फुटुराची रचना केली. मात्र तिची भूमिती दिसते तितकी काटेकोर नाही. मोठ्या लिपीतील अक्षरांची प्रमाणे प्राचीन रोमन शिलालेखांवरून घेतलेली आहेत. वक्र रेषा उभ्या दांड्याला मिळते तेथे ती बारीक केलेली आढळते. ठळक वळणात हा संस्कार अधिक आवश्यक ठरतो, अन्यथा सांध्यावर काळा डाग दिसू लागतो. मथळे, भित्तिपत्रके व जाहिराती यांत ठळक फुटुरा विशेष उपयुक्त ठरले. १९२९ मध्ये आलेल्या ‘फुटुरा ब्लॅक’ची अक्षरे तर साच्यातून रंगविल्याप्रमाणे तुटक खंडांची आहेत.

राजसत्तेशी संबंध :
कोनाकोनांचे ‘फ्राक्टुर’ वळण हेच खरे जर्मन, असा राष्ट्रवाद्यांचा आग्रह होता. म्युनिक येथील मुद्रणविद्यालयाचे प्रमुख असलेल्या रेनर यांनी १९३२ मध्ये नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर टीका करणारी पुस्तिका लिहिली. १९३३ मध्ये त्यांना अटक झाली व पदावरून दूर करण्यात आले. फुटुराचा वापर मात्र जर्मनीत चालूच राहिला. पुढे ३ जानेवारी १९४१ च्या परिपत्रकाद्वारे मार्टिन बोरमान याने फ्राक्टुर वळणावर ‘यहुदी’ असल्याचा खोटा शिक्का मारून त्याचा वापर बंद करविला. व्याप्त प्रदेशांतील वाचकांना ते वळण वाचणे अवघड जात असे, हे त्यामागील व्यावहारिक कारण मानले जाते. विशेष म्हणजे, त्या परिपत्रकाचा छापील शीर्षभाग फ्राक्टुरमध्येच होता.

उत्तरकाळ :
१९६९ मध्ये अपोलो ११ च्या यानासोबत चंद्रावर ठेवलेल्या फलकावरील मजकूर फुटुरात आहे. १९८० च्या दशकात अमेरिकन चित्रकर्ती बार्बरा क्रूगर यांनी ठळक, तिरप्या फुटुरातील घोषवाक्ये छायाचित्रांवर मांडून उपभोगवादावर व पुरुषसत्तेवर टीका केली. जाहिरातीचे अक्षर येथे जाहिरातीच्याच विरोधात उभे राहिले.

निष्कर्ष :
रचनाकार पदच्युत झाला तरी त्याचे अक्षर टिकले, आणि ‘राष्ट्रीय’ म्हणून गौरविलेले अक्षर त्याच राजवटीने आठ वर्षांत परके ठरविले. अक्षराला राष्ट्रीयत्व जन्मतः प्राप्त होत नाही; ते सत्तेच्या सोयीनुसार त्याला चिकटविले जाते, असे या इतिहासावरून दिसून येते. त्यामुळे एखाद्या वळणाचा अर्थ लावताना त्याच्या आकाराबरोबरच ते कोणी, केव्हा व कोणासाठी छापले, हेही तपासणे आवश्यक ठरते.