मुलुंडचा रेणू आणि पेशीचक्राचे किनेज

जळगाव-धुळ्याकडे पेटची तयारी करताना आपण पेशीचक्र वाचतो तेव्हा सगळी नावं परदेशी भेटतात. हार्टवेल, हंट, नर्स आणि त्यांचं 2001 चं नोबेल. ते योग्यच आहे. पण या इतिहासातलं एक पान मुंबईच्या मुलुंडमध्ये लिहिलं गेलंय, आणि संशोधनात येणाऱ्यांनी ते जरूर वाचावं.

आधी थोडी उजळणी करू. सीडीके हे किनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम. विहिरीवरची मोटार आठवा. मोटार वर्षभर तिथेच असते, पण लाइट आल्याशिवाय फिरत नाही. सीडीके1 चंही तसंच. पेशीत त्याचं प्रमाण फारसं बदलत नाही, कमी-जास्त होतं ते सायक्लिन. टिम हंट यांना हे सायक्लिन 1982 मध्ये समुद्री अर्चिनच्या अंड्यांत दिसलं. पण लाइट आली तरी मोटार लगेच सुरू होत नाही. वी1 नावाचं दुसरं किनेज सीडीके1 च्या टायरोसिन 15 वर फॉस्फेट लावून त्याला अडवून धरतं. सीडीसी25 तो फॉस्फेट काढतं, मगच पेशी विभाजनात शिरते. शेवटी एपीसी सायक्लिनवर युबिक्विटिनची खूण करतं, सायक्लिन नष्ट होतं आणि मोटार बंद.

आता मुलुंडकडे येऊ. तिथल्या हेक्स्ट इंडियाच्या संशोधन केंद्रात वनस्पतींतून औषधं शोधण्याचं काम चालायचं. कडुनिंबाच्या कुळातल्या, सह्याद्रीतही वाढणाऱ्या डायसॉक्सिलम बायनेक्टॅरिफेरम या झाडातून त्यांनी रोहितुकीन वेगळं केलं. आर. जी. नाईक आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा पेपर 1988 चा. गंमत बघा, त्यांचा रस होता दाह कमी करण्यात. सीडीकेचा तिथे संबंधच नव्हता.

रोहितुकीनच्या सांगाड्यावरून फ्लॅव्होपिरिडॉल तयार झालं. 1992 मध्ये अमेरिकेत दिसलं की त्याने कर्करोगाच्या पेशींचं चक्र थांबतं, आणि औषध काढलं की पुन्हा चालू होतं. 1994 मध्ये कळलं की ते सीडीके1 ला अडवतं. पुढे माणसांवर चाचणीला गेलेलं ते पहिलं सीडीके-रोधक ठरलं.

मग ते औषध बाजारात का आलं नाही? कारण ते एकाच सीडीकेवर थांबत नाही. सीडीके9 लाही ते जोरात अडवतं, आणि सीडीके9 चं काम चक्राचं नाही, जनुकांवरून आरएनए बनवण्याचं आहे. म्हणजे पेशी थांबली किंवा मेली, तर ती चक्रामुळे की आरएनए बंद पडल्यामुळे, हे नुसतं बघून सांगता येत नाही. फक्त सीडीके4 आणि 6 वर नेमकं काम करणारं पाल्बोसिक्लिब मंजूर व्हायला फेब्रुवारी 2015 उजाडलं.

उद्या मुलाखतीत तुम्ही म्हणाल, 'मी रोधक टाकला, पेशी थांबल्या, म्हणजे हे सीडीके1 चंच काम.' समोरचे लगेच विचारतील, 'कशावरून?' तेव्हा प्रस्ताव लिहितानाच ठरवून ठेवा: दुसरा, वेगळ्या रचनेचा रोधक कोणता वापरणार? रोधकाला दाद न देणारं, बदललेलं किनेज पेशीत घालून बघणार का? रेणूला आपण नाव दिलं म्हणून तो तेवढंच काम करतो असं नाही. मुलुंडच्या या रेणूकडून मी तरी एवढं शिकलो.