ज्या गाडीतून आला, तिचाच विसर : क्विंटिन्सहिल, २२ मे १९१५

ब्रिटनच्या रेल्वे-इतिहासातील सर्वांत प्राणघातक अपघात जिथे झाला, तिथे साधे स्थानकही नव्हते. स्कॉटलंडमधील ग्रेटना गावाजवळ, इंग्लंडच्या सीमेलगत, क्विंटिन्सहिल नावाची एक सिग्नल केबिन होती. जाणारा आणि येणारा असे दोन मुख्य मार्ग, दोन्ही बाजूंना एकेक लूप लाईन आणि सिग्नलच्या तरफा ओढणारा एक माणूस. संथ गाडी लूपमध्ये घ्यायची आणि मागून येणाऱ्या जलद गाडीला वाट मोकळी करून द्यायची, एवढेच तिथले काम.

२२ मे १९१५ च्या पहाटे लार्बर्टहून एक सैनिकी गाडी दक्षिणेकडे निघाली. तिच्यात 'रॉयल स्कॉट्स'च्या सातव्या पलटणीचे सुमारे ५०० सैनिक होते. लिव्हरपूल बंदरात जहाजावर चढायचे आणि तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या आघाडीवर जायचे, असा त्यांचा मार्ग होता. ही टेरिटोरियल, म्हणजे एरवी आपापला कामधंदा सांभाळून लष्करी सराव करणाऱ्यांची पलटण. तिची भरती मुख्यतः एडिंबरोला खेटून असलेल्या लीथ या बंदरातली. त्यामुळे एकाच गल्लीतले शेजारी आणि एकाच घरातले भाऊ एकाच गाडीत बसलेले होते.

आता केबिनकडे वळू. रात्रपाळीचा सिग्नलमन जॉर्ज मीकिन, दिवसपाळीचा जेम्स टिन्सली. पाळी बदलण्याची वेळ सकाळी ६ ची. पण दोघांनी आपसांत एक सोय करून घेतली होती. कार्लाइलहून सुटणारी लोकल क्विंटिन्सहिलला थांबणार असली, की टिन्सली पायपीट वाचवून तिच्यातून साडेसहाच्या सुमारास यायचा. मधल्या अर्ध्या तासाच्या नोंदी मीकिन एका कागदावर टिपून ठेवायचा आणि टिन्सली आल्यावर त्या स्वतःच्या हस्ताक्षरात नोंदवहीत उतरवायचा. नोंदवही पाहणाऱ्याला पाळी वेळेवर बदलल्यासारखेच वाटायचे.

त्या दिवशी लंडनहून उत्तरेकडे येणाऱ्या रात्रीच्या दोन एक्स्प्रेस गाड्यांना उशीर झाला होता. त्यांना वाट देण्यासाठी लोकलला बाजूला घेणे भाग होते. पण उत्तरेकडच्या लूपमध्ये एक मालगाडी उभी होती आणि दक्षिणेकडच्या लूपमध्ये कोळशाच्या रिकाम्या वाघिणींची गाडी यायची होती. म्हणून मीकिनने लोकल मागे सारून दक्षिणेकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावरच उभी केली. यात नियमबाह्य असे काही नव्हते. असे प्रसंग येत, आणि त्यांच्यासाठी नियमांनी एकामागून एक तटबंद्या घालून ठेवल्या होत्या.

उत्तरेकडच्या शेजारच्या केबिनला मार्ग अडल्याचा संकेत द्यायला हवा होता; तो गेला नाही. सिग्नलच्या तरफेवर लोखंडी कडी अडकवायची असे, म्हणजे चुकूनही ती तरफ ओढता येत नसे; ती अडकवली गेली नाही. उभ्या गाडीच्या फायरमनने केबिनमध्ये येऊन आठवण द्यावी, कडी बसवल्याची खात्री करावी आणि नोंदवहीत सही करावी, असाही नियम होता. लोकलचा फायरमन आला, सही केली आणि कडी न पाहता परतला. केबिनमध्ये तेव्हा मालगाड्यांचे गार्डही होते. युद्धाच्या बातम्यांवर बोलणे चालले होते. टिन्सली मागच्या नोंदी उतरवत होता. ज्या लोकलमधून तो काही मिनिटांपूर्वी उतरला होता, ती खिडकीबाहेर समोरच उभी होती.

शेजारच्या केबिनने सैनिकी गाडीसाठी मार्ग मागितला. टिन्सलीने होकार दिला आणि सिग्नल मोकळे केले.

६ वाजून ४९ मिनिटांच्या सुमारास भरधाव आलेली सैनिकी गाडी उभ्या लोकलवर आदळली. सुमारे १९५ मीटर लांबीची ती गाडी चेपून ६१ मीटरवर आली. जे वाचले ते शेजारच्या रुळांवर उतरू लागले. मिनिटभरातच, दोन इंजिने जोडलेली दुसरी एक्स्प्रेस उत्तरेकडे जाण्यासाठी त्याच रुळांवरून आली आणि त्या ढिगाऱ्यात आणि माणसांत घुसली.

तरीही एवढे बळी केवळ टकरींनी घेतले नसते. युद्धामुळे डब्यांची टंचाई होती, म्हणून सैनिकांना जुने लाकडी डबे मिळाले होते. त्यांतले दिवे गॅसवर चालत आणि दाबाखाली भरलेल्या गॅसच्या टाक्या डब्यांच्या तळाशी असत. टाक्या फुटल्या, इंजिनातले निखारे विखुरले आणि लाकूड पेटले. अग्निशमन दल कार्लाइलहून येईपर्यंत काही तास लोटले. आग दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत होती.

त्या दुपारी हजेरी घेतली, तेव्हा जेमतेम साठेक सैनिक उभे होते. मृतांची संख्या साधारणतः २२६ मानली जाते आणि त्यांतले दोनशेहून अधिक याच पलटणीचे. नक्की आकडा कधीच ठरला नाही, कारण पलटणीची हजेरी-यादीही जळाली होती. अनेक देह ओळखता आले नाहीत, काही तर मिळालेच नाहीत. २४ मे रोजी लीथमधून अंत्ययात्रा निघाली आणि रोजबँक दफनभूमीत एका सामूहिक कबरीत शंभराहून अधिक शवपेट्या ठेवल्या गेल्या.

सप्टेंबर १९१५ मध्ये एडिंबरोच्या उच्च न्यायालयात खटला चालला. फायरमन सुटला. टिन्सलीला ३ वर्षांची सक्तमजुरी आणि मीकिनला १८ महिन्यांची कैद झाली. ज्यूरीला निर्णयासाठी ८ मिनिटे पुरली. दोघांचा दोष निर्विवाद होता. टिन्सलीने लोकल विसरल्याचे स्वतःच कबूल केले होते. मात्र गॅसच्या टाक्या लावलेले लाकडी डबे सैनिकांसाठी कोणी काढले, हा प्रश्न आरोपीच्या पिंजऱ्यात कधी उभा राहिला नाही. सरकारच्या वतीने चौकशी करणारे लेफ्टनंट कर्नल ड्रुइट यांनी सुटलेले नियम एकेक करून मांडले. रुळांवर गाडी असताना सिग्नल आपोआप रोखणारे विद्युत परिपथ तिथे असते तर हा अपघात टळला असता, असेही त्यांचे मत होते. दोघेही कैदी डिसेंबर १९१६ मध्ये सुटले. टिन्सली पुन्हा रेल्वेतच, दिवाबत्तीच्या कामावर रुजू झाला.

पलटणीचा उरलेला अर्धा भाग दुसऱ्या गाडीने निघाला होता. तो ठरल्याप्रमाणे गॅलिपोलीला पोहोचला. २८ जून १९१५ रोजी गली रॅव्हिनच्या लढाईत त्यातलेही बरेच जण पडले. क्विंटिन्सहिलला तेव्हा सव्वा महिनाही झाला नव्हता आणि मृतांच्या याद्या पुन्हा लीथच्याच घरांत येऊ लागल्या.