पाच वाजता, कोलवडीच्या उसात

पुण्याहून शिरूरकडे जाणारा नगर रस्ता आणि दौंडकडे जाणारा सोलापूर रस्ता. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात मुळा-मुठेचं पाणी आहे, ऊस आहे आणि डोक्यावर लोहगावच्या लढाऊ विमानांची रोजची घरघर आहे. आवाज आला म्हणून मान वर करणारा माणूस इथे बहुधा पाहुणा असतो.

13 डिसेंबर 2011. याच पट्ट्यातल्या वाडेबोल्हाईच्या शिवारात हवाई दलाचं सुखोई-30 कोसळलं. दोन्ही वैमानिक वाचले. लोक काही दिवस बोलले, मग विसरले.

मंगळवार, 14 ऑक्टोबर 2014, सकाळ. उद्या विधानसभेचं मतदान. याच पट्ट्यातला थेऊर-कोलवडीचा भाग तालुक्याने हवेलीत, मतदारसंघाने शिरूरमध्ये. मतदान यंत्रं घेऊन कर्मचारी गावोगाव निघायचा हा दिवस. गाळप हंगाम तोंडावर आल्याने ऊस डोक्याच्या वर गेलेला. थेऊरचा यशवंत कारखाना मात्र तेव्हा बंदच होता; ऊस दुसरीकडे न्यायचा, हीच शेतकऱ्याची त्या दिवशीची खरी चिंता असणार.

दुपार. लोहगावहून एक सुखोई नेहमीच्या सरावासाठी आकाशात जातं. हे विमान हवाई दलात दाखल झालं तेच लोहगावला, 27 सप्टेंबर 2002 रोजी. दोन इंजिनं, दोन आसनं, पुढेमागे बसलेले दोन वैमानिक.

पाचच्या जरा आधी. सराव संपला, विमान परतीच्या वाटेवर. धावपट्टी सुमारे 20 किलोमीटरवर, म्हणजे पाच मिनिटांचाही पल्ला नाही. खाली थेऊर, चिंतामणीचं देऊळ, नदी, पलीकडे कोलवडी.

पाचच्या सुमारास. दोन्ही वैमानिक आसनांसकट बाहेर फेकले जातात.

इथे जरा थांबायला हवं. सुखोईचं रशियन बनावटीचं के-36 आसन सुटतं ते वैमानिकाने मांड्यांमधली मूठ ओढल्यावर. मग काचेचं छत उडतं, आसनाखालचं रॉकेट पेटतं, पाठोपाठ पॅराशूट उघडतं. सगळा खेळ काही क्षणांचा. पण मूठ कोणी ओढलीच नव्हती, आसनं आपोआप सुटली, असं प्राथमिक चौकशीतून बाहेर आलं. हे खरं असेल तर घटनांचा क्रमच उलटा होतो. एरवी विमान हाताबाहेर जातं म्हणून माणूस बाहेर पडतो. इथे माणसं बाहेर पडली म्हणून विमान हाताबाहेर गेलं.

पुढचे काही क्षण. टनावारी वजनाचं, पोटात इंधन असलेलं विमान, आत कोणी नाही. ते कोलवडीच्या शेतात आदळलं. घरांवर पडलं नाही, यात कोणाचंच कौशल्य नव्हतं. वैमानिक सुखरूप उतरले, जमिनीवरही कोणाचा जीव गेला नाही.

बुधवार, 15 ऑक्टोबर. मतदान ठरल्याप्रमाणे झालं.

आठवडाभरानंतर. हवाई दलाने सुखोईंचा सगळा ताफा जमिनीवर आणला. सुमारे 200 विमानं, म्हणजे देशाच्या लढाऊ ताकदीचा जवळपास तिसरा हिस्सा, आसनांच्या तपासणीसाठी उभी राहिली. 2009 पासूनचा सुखोईचा हा पाचवा अपघात होता. रशियन तज्ज्ञांनी आसन आपोआप सुटणं अशक्य असल्याचं सांगितलं. बनवणारा आपल्या मालाला नावं ठेवणार नाही, हे उघडच आहे. पण मूठ ओढल्याचं वैमानिकांनी सांगितलं नाही, हेही तितकंच उघड.

नोव्हेंबर. तपासणी होईल तशी विमानं पुन्हा उडू लागली. कोलवडीवरूनही.

अशा चौकशांचे अहवाल हवाई दल सहसा जाहीर करत नाही. गुपितं गुपितच राहोत. पण ज्यांच्या शिवारात तीन वर्षांत दोन सुखोई पडली, त्यांना कारणापुरती दोन पानं तरी वाचायला मिळायला हवीत.