गाव हीच प्रयोगशाळा : पिंपळे सौदागर ते सोलापूर

दरवर्षी ३ डिसेंबरला, डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या जयंतीदिनी, देशभरातील कृषी विद्यापीठांत कृषी शिक्षण दिन साजरा होतो. नव्या वाणांची, ड्रोनची, उपग्रह-प्रतिमांची चर्चा होते. मात्र शेतकी शिकणारा विद्यार्थी नेमका कशाचा अभ्यास करतो, हा मूळ प्रश्न क्वचितच विचारला जातो. पिकाचा, मातीचा, की त्या मातीवर जगणाऱ्या कुटुंबाचा? शंभर वर्षांपूर्वी पुण्यात या प्रश्नाला मिळालेले उत्तर आजही मननीय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतकीचे वर्ग पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाला जोडून चालत. १९०७ च्या सुमारास स्वतंत्र कृषी महाविद्यालय आकाराला आले आणि डॉ. हॅरॉल्ड मॅन त्याचे प्राचार्य झाले. मॅन हे रसायनशास्त्रज्ञ. त्याआधी आसामातील चहाच्या मळ्यांसाठी त्यांनी संशोधन केले होते. माती, खत व पाणी यांचे पृथक्करण हे त्यांचे नित्याचे काम. परंतु प्रयोगशाळेतून निघालेली शिफारस शेतकऱ्याच्या बांधापर्यंत का पोहोचत नाही, याचे उत्तर परीक्षानळीत सापडत नव्हते. म्हणून त्यांनी पुण्याजवळचे, पवनेकाठचे पिंपळे सौदागर हे एक गाव निवडले आणि डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, व्ही. ए. ताम्हणे आदी सहकाऱ्यांसह त्याची जमीन, पाणी, पिके, कर्जे आणि मजुरी यांची नोंद केली. १९१७ मध्ये ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ या नावाने हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्यातील एक आकडा पुढे अर्थशास्त्राच्या कित्येक पाठ्यपुस्तकांत गेला. जुन्या नोंदींवरून पाहता १७७१ मध्ये या गावात सरासरी जमीनधारणा सुमारे ४० एकर होती. १९१४-१५ मध्ये ती सुमारे ७ एकरांवर आली होती. शिवाय ही जमीन सलग नव्हती. वाटण्यांमुळे एकाच कुटुंबाचे तुकडे गावभर विखुरलेले होते. तुकड्यावर विहीर परवडत नाही, बैलजोडीचा खर्च निघत नाही, बांधांतच जमीन जाते. जवळजवळ दोन तृतीयांश कुटुंबांचा जमाखर्च शेती आणि बाहेरची मजुरी मिळूनही जुळत नव्हता.

पुणे आणि खडकीच्या सान्निध्यामुळे या गावाला मजुरीचा तरी आधार होता. मग तसा आधार नसलेल्या कोरडवाहू गावाचे काय? मॅन आणि कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक निवडले. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या दुसऱ्या अभ्यासात तुटीत जगणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण पिंपळे सौदागरपेक्षाही मोठे निघाले. दोन गावांवरून साऱ्या दख्खनचा निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. पण प्रश्न कोठे शोधावा, याची दिशा मात्र ठरली.

ती दिशा ताम्हणे आणि कानिटकर यांनी पुढे नेली. पुण्याजवळील मांजरी येथे १९२३ च्या सुमारास ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीचे प्रयोग आरंभले. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या इंपीरियल कृषी संशोधन परिषदेच्या साहाय्याने १९३३ च्या सुमारास सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथे अशी संशोधन केंद्रे उभी राहिली.

या प्रयोगांमागील भौतिकी सोपी, पण निर्णायक आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. काळी, चिकण माती पाणी सावकाश मुरवते. मुरण्याच्या वेगापेक्षा पावसाचा वेग वाढला, की उरलेले पाणी सुपीक थर घेऊन उताराने निघून जाते. समपातळीत घातलेला बांध त्या पाण्याला थांबवून मुरायला वेळ देतो. पुढे रब्बीत हीच माती भेगाळते आणि भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. वेळेवर केलेली कोळपणी त्या बुजवते. ओळींतील अंतर वाढवून बियाणे कमी पेरले, तर प्रत्येक रोपाच्या वाट्याला अधिक ओल येते.

येथेच दोन्ही संशोधने एकमेकांना भेटतात. समपातळी रेषा जमिनीचा उतार ओळखते, सातबारा ओळखत नाही. तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या शिवारात एकट्याने घातलेला बांध निष्फळ ठरतो. वरच्या शेतातून सुटलेले पाणी तो फोडून टाकते. म्हणजे ओल टिकवणे हा मातीच्या भौतिकीचा जितका प्रश्न, तितकाच वारसाहक्काचा, कर्जाचा आणि शेजारधर्माचाही. १९४७ मध्ये मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा झाला, तरी वाटण्या थांबल्या नाहीत. कारण कुटुंबांपुढे दुसरा आधार क्वचितच होता.

१९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे अकोला, परभणी आणि दापोली येथेही विद्यापीठे आली. मृदाशास्त्र, कृषी अर्थशास्त्र, हवामानशास्त्र, पर्यावरणशास्त्र असे विभाग स्वतंत्र झाले. त्यामुळे प्रत्येक विषयाला खोली आली. परंतु शेतात हे विषय वेगळे नसतात. अवकाळी पाऊस, घसरलेला भाव आणि सावकाराचा तगादा एकाच उंबरठ्यावर एकाच वेळी येतात.

आज पिंपळे सौदागरात उंच इमारती आहेत. मॅन यांनी मोजलेली शेते त्यांच्याखाली गेली. जातेगावसारखी गावे मात्र आजही आभाळाकडे पाहतात. कृषी किंवा पर्यावरणशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने ओलावामापक जरूर हाताळावा. पण त्याच शेताच्या मालकाचा वर्षाचा जमाखर्चही एकदा मांडून पाहावा. ही दोन्ही मोजमापे एकाच वहीत असावीत, हा पुण्यातील त्या जुन्या अभ्यासाचा वारसा आहे.

#विज्ञानाचा_इतिहास #कृषी_शिक्षण #कोरडवाहू_शेती