शब्दवेध : जियिन

चिनीत 'जि' म्हणजे जाणणं, 'यिन' म्हणजे नाद. नाद जाणणारा तो 'जियिन'. आपला 'कानसेन' याच्या जवळ जातो खरा, पण मैफलीत कानसेन शंभर असू शकतात. जियिन आयुष्यात एखादाच.

शब्दामागची गोष्ट दोन हजार वर्षांहून जुनी. बो या नावाचा वादक 'छिन' वाजवायचा. हे आडवं ठेवून बोटांनी छेडायचं तंतुवाद्य. पडदे नाहीत, आज तारा सात. बो यानं मनात डोंगर धरून तार छेडली की समोर ऐकत बसलेल्या झोंग झछी नावाच्या माणसाला ताइशान पर्वत दिसे. पाणी धरलं की वाहती नदी. झछी वारला. बो यानं तारा तोडल्या, वाद्य फोडलं आणि पुन्हा म्हणून हात लावला नाही. (जरा अतिच, पण दंतकथेला शोभतं.)

पुढे शब्द साहित्यात शिरला. इसवी सन 500च्या सुमारास ल्यू श्ये यानं आपल्या समीक्षाग्रंथातल्या एका प्रकरणाला हेच नाव दिलं. खरा जाणकार वाचक विरळा, ही त्याची तक्रार. आजही मर्म ओळखणाऱ्या वाचकाला, जिवाभावाच्या माणसाला जियिन म्हणतात. चहापुरत्या दोस्ताला हा शब्द लावू नये, फार जड पडतो.

1977 साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीत ग्वान पिंगहू यांनी छिनवर वाजवलेली, गोष्टीतल्या नदीची आठवण देणारी 'वाहतं पाणी' ही रचना आहे. त्याच तबकडीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे.